चिमटीतला धागा

आरोलकरांची समिधा दुकानात आली तेव्हा
मी परकराच्या नेफ्यात नाडी ओवत होतो.
तिनं कापड टाकलं टेबलावर:
काळं, चमचमतं, बांगड्याच्या पाठीसारखं.
बाह्यांना झालर हवी, मागे लोंबते गोंडे.
एकतीस तारखेला सागरेश्वराच्या पुळणीवर
साखळीला बांधलेले जळते गोळे फिरवायचेत,
दोन हातांत दोन, हॉटेलच्या पाहुण्यांसमोर.

मी कडेचा एक धागा उपसला,
चिमट्यात धरून काडी ओढली.
धागा आक्रसला, वितळला,
टोकाशी काळा मणी झाला
आणि चिमट्यालाच चिकटून बसला.
बोटानं काढ बघू, म्हटलं.
तिनं हात मागे घेतला.
"हो मणी तुझ्या पाठीर पडलो तर
कातडी घेवनच सुटतलो."

मग मांजरपाटाचा धागा, दोनदा धुतलेल्या.
भुरकन पेटला. फुंकर मारली, विझला.
मागे चिमूटभर राख, जळक्या कागदाचा वास.
आग सुतालाही लागते, बाय,
पण सूत चिकटून राहत नाही.

झालर नाही. गोंडे नाहीत.
बाही मनगटाशी घट्ट, गळा बंद,
खाली जाड जीन, ताणणारी नको,
त्या ताणात रबर असतं.
कमरेला इलॅस्टिक नाही, नाडी.
बटणं प्लॅस्टिकची नाहीत, कापडाच्या घुंड्या.
आणि शिवणीचा दोरा?
ते ती विचारणार नव्हती, कुणीच विचारत नाही.
मी पॉलिस्टरचं रीळ काढून वरच्या फळीवर ठेवलं,
सुती दोरा शोधायला अर्धा तास गेला.
मशीनवर तो तीनदा तुटला.

केस? वेणी घालून आत खोच,
वर ओला रुमाल. तेल नको त्या दिवशी.
"आईन नाव समिधा ठेवल्यान," मी म्हटलं,
"ता नावापुरताच ऱ्हवांदे."
हसली. मग सांगितलं तिनं, खाली बघत,
पहिले गोळे घरीच केलेले,
जुन्या लुगड्याच्या चिंध्या, बांधायची तार.
एक सुटून सुरूच्या बनात पडला,
सुकी पानं धडाधड पेटली,
बाबांनी होडीतलं पाणी उपसायचं डबडं घेऊन धावत विझवलं
आणि आठ दिवस बोलले नाहीत.
आता वात विकतची, न जळणाऱ्या पट्टीची,
साखळीचा आकडा ती रोज खेचून बघते.
रॉकेलचा डबा झाकणाचा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला दहा पावलं.
वात बुडवून, निथळून,
न पेटवताच डब्यात झटकायची,
नाहीतर थेंब उडतात, आणि थेंबाला डोळे नसतात.
बाबा आता एवढंच म्हणतात:
रात्री मतलय सुटतां, तोंड फिरवून उभी ऱ्हव.

"आणि ओलो पंचो कोण धरतलो?"
ती गप्प.
मैत्रीण आहे, पण ती व्हिडिओ काढणार.

साडेसातला शटर ओढलं.
दोन सुती पंचे बादलीत भिजवून पिळले,
पाणी गळणार नाही इतपत.
पुळणीवर गार वाळू, लोकांच्या हातात ग्लास.
समिधा फिरू लागली,
अंधारात दोन लाल चाकं, मधे ती.
लोक आग बघत होते.
मी मनगटं बघत होतो.
पुढे काय काय केलं तिनं, खरंच सांगता यायचं नाही.
टाळ्या पडल्या तेव्हा कळलं, संपलं.

दोन जानेवारीला सदरा घेऊन आली.
उजव्या बाहीवर भोक, तिळाएवढं.
"रफू करशात, काका?"
मी बाही नाकाशी नेली.
जळक्या कागदाचा वास.
करूया, म्हटलं, ठेव थंय.